समोरच्या दातांची मागची बाजू

९ जानेवारी

आज सकाळी गोटी कॉलेजला जाता जाता दवाखान्यात आली. तिचे दात साफ करायचे राहिले होते, मीच मागे लागलो होतो. गोटी म्हणजे माझी एकुलती एक लेक. लहानपणी गोलमटोल होती, घरभर गडगडायची, म्हणून मी ठेवलेलं नाव. आता विशीची झाली, वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

खुर्ची मागे केली, दिवा ओढला. खालचे दात उत्तम, दाढा ठीक. मग आरसा वरच्या समोरच्या दातांच्या मागे नेला आणि माझा हात थांबला.

मागची बाजू झिजलेली. खरवडल्यासारखी नाही, गुळगुळीत, काचेसारखी. कडा इतक्या पातळ की दिव्याचा उजेड आरपार दिसावा. सतत आंबट खाणाऱ्यांचेही दात झिजतात, पण ते बहुधा पुढून. नुसते मागून झिजायचे तर आम्ल पोटातून वर यावं लागतं, आणि तेही वारंवार. हे मी परीक्षेत लिहिलंय, पेशंटांमध्ये पाहिलंय. त्यांच्या आईवडिलांना बाजूला घेऊन समजावताना मनात म्हटलंय, यांचं घरात लक्ष असतं तरी कुठे?

मास्कच्या वर माझे डोळे तिला दिसले असणार.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. चूळ भर."

तिने चूळ भरली, बॅग उचलली आणि गेली. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर खरचटल्याच्या खुणा होत्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या. मॉडेलचा पुठ्ठा कापताना कटर लागतो, असं ती म्हणाली होती आणि मला ते पटलं होतं.

पुढच्या पेशंटची दाढ काढली. बरोबर तीच काढली ना, हे मदतनीस बाईंना दोनदा विचारलं.

१० जानेवारी

बायकोला सांगितलं. ही शाळेत भूगोल शिकवते, पेपरांचा गठ्ठा तपासत बसली होती. मला वाटलं धसकेल, रडेल. तिने लाल पेन खाली ठेवलं, त्याला टोपण लावलं आणि विचारलं, "तिला काही बोललात का?"

"अजून नाही."

"बरं केलंत. ओरडू नका तिच्यावर."

बस्स. मी एवढं सांगतोय आणि ही बाई टोपण लावते! काही माणसांना संकटाचा आवाका कळायला वेळ लागतो.

१४ जानेवारी

गोटीच्या खोलीत गेलो. ती पुठ्ठ्याचा इवलासा जिना चिकटवत होती. सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, तुझ्या दातांवरून मला कळलंय.

तिने चिमट्याने एक पायरी बसवली. "बुलिमिया म्हणतात त्याला. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"बारावीपासून असेल. आधी खूप खाते बाबा, थांबताच येत नाही. मग ते सगळं अंगातून काढून टाकावंसं वाटतं."

"मग थांबव ना."

तिने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "ते नाव नको ना आता. गोटी."

विषय काय आणि ही बोलतेय काय! असो. अवघड प्रश्न आला की मुलं बगल देतात.

हे झालं कसं, हेच मला उमगत नाही. आमच्या घरात गोड म्हणून कधी येत नाही. वाढदिवसाचा केकसुद्धा मी नखाएवढा कापून बाकीचा वाटून टाकतो. दातांच्या डॉक्टरच्या घरात एवढी शिस्त हवीच. लहानपणापासून तिच्या तोंडात काय जातं यावर माझं बारीक लक्ष आहे. तरीही हे व्हावं!

पण दुखणं कळलं म्हणजे निम्मं काम झालं. आता चांगला माणूस शोधायचा. ते माझ्याकडे लागलं.

२२ जानेवारी

माझा एक वर्गमित्र फिजिशियन आहे, त्याच्याकडे तिला नेलं. त्याने रक्त तपासलं. पोटॅशियम किंचित कमी आलं. मला एकट्याला थांबवून म्हणाला, "हे हलक्यात घेऊ नकोस. उलट्यांनी हे घसरतं आणि हृदयाचे ठोके यावर चालतात. माझ्याकडे नियमित पाठव. पण मूळ इलाज माझ्याकडे नाही. थेरपिस्ट शोध. मोठा नको, हेच काम करणारा शोध."

म्हटलं, काळजी करू नकोस, शहरातला सगळ्यात मोठा माणूस गाठतो.

२ फेब्रुवारी

ओळख काढून मोठ्या हॉस्पिटलातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवली. संगमरवरी फरशी, भिंतभर पदव्या. मी मुद्दे काढूनच नेले होते, सगळी माहिती मीच दिली. गोटीला बोलायचे कष्ट पडू दिले नाहीत.

त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "वजन तर व्यवस्थित आहे. अशा केसेस आमच्याकडे येतात तेव्हा नुसता सांगाडा उरलेला असतो. ही तर छान दिसतेय!" झोपेची गोळी लिहून दिली, छंद जोपासायला सांगितलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

परतताना गोटी गाडीच्या काचेला डोकं टेकून बसली होती. सिग्नलला म्हणाली, "ऐकलंत ना? आजारी म्हणवून घ्यायलाही मी पुरेशी बारीक नाहीये."

मी म्हटलं, तू उलटा अर्थ काढतेस. घरी आल्यावर ती जेवली नाही. दमली असेल.

१२ फेब्रुवारी

माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन. "तिला माझ्याकडे पाठव महिनाभर. मांडीवर घेऊन भरवते, बघते कशी ओकते ती!" ताईची माया नेहमी धपाट्यासकट येते. पण तिनेच एका समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं, म्हणून आज तिकडे गेलो.

खोलीत माशांची मोठी पेटी आणि सूर्योदयाची चित्रं. बाईंनी गोटीला आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' असं रोज म्हणायला सांगितलं. वर निघताना हातात एक छापील कागद दिला: काय खावं, काय टाळावं. टाळायच्या पदार्थांची रांग खायच्यांपेक्षा लांब. मीसुद्धा चक्रावलो. आग विझवायला बोलावलेल्या माणसाने जाताना काडेपेटी भेट द्यावी, तसलं हे.

जिना उतरताना गोटी म्हणाली, "मासे मात्र छान होते हं." कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो. तो कागद तिने जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

रविवारी सकाळी मी तिचे दात बघतो. त्यासाठी बॅटरी आणि छोटा आरसा घरी आणून ठेवलाय. ती खिडकीपाशी तोंड उघडून, डोळे घट्ट मिटून उभी राहते. कुरकूर करत नाही. सहकार्य चांगलं आहे.

२३ फेब्रुवारी

फक्त खाण्याच्या विकारांवर काम करणारं एक केंद्र शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे, असं कळलं. लगेच फोन लावला. म्हटलं, डॉक्टर बोलतोय.

"पेशंटचं वय काय?" एका मुलीचा आवाज.

"वीस."

"मग त्यांना स्वतः फोन करायला सांगा."

"मी तिचा वडील आहे. आणि डॉक्टर आहे."

"हो सर. त्यांना फोन करायला सांगा. थोडं थांबावं लागेल, आमच्याकडे रांग मोठी आहे."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! फोन ठेवून दिला. गोटीला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का? शिवाय जिथे बापाशी धड बोलत नाहीत, तिथे लेकीला काय बरं करणार!

४ मार्च

ही हल्ली जेवण झालं की भांडी तशीच टाकून गोटीच्या खोलीत जाते. दार लोटून दोघी पत्ते खेळत बसतात. कधी हसण्याचा आवाज येतो, कधी नुसतीच शांतता. मी इकडे एकटा फोन फिरवतोय, लेख वाचतोय, आणि यांना पत्ते सुचतात. आज बोललोच, "मलाही घ्या की."

"दोघींचाच डाव आहे," ही म्हणाली आणि दार लोटलं.

भांडी मी घासली.

९ मार्च

दुपारी कॉलेजातून फोन आला तेव्हा खुर्चीतल्या पेशंटचा दात उघडा होता. तात्पुरतं भरून त्याला उठवलं.

मॉडेलच्या कार्यशाळेत लेक चक्कर येऊन पडली. छातीत धडधड थांबेना म्हणून शिक्षकांनीच हॉस्पिटलात आणलं. पोटॅशियम फारच खाली गेलेलं. हाताला सलाईन, छातीवर तारा, उशाशी हिरव्या रेघा उमटवणारं यंत्र. मी पोचलो तेव्हा ही आधीच तिथे होती, पायाशी बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

ती झोपल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो.

"तुला आधीपासून माहीत होतं," मी म्हटलं.

"सप्टेंबरपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तिने शब्द घेतला होता माझ्याकडून. आणि अहो, सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"इलाज केला असता!"

"तेच. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं असतंत."

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला.

"जेवणानंतरचा तासभरच अवघड असतो," ही म्हणाली. "तेवढा कुणीतरी शेजारी बसून काढला की बरेचदा निभतं. घरी मी बसते. आज कॉलेजात डबा खाल्ल्यावर तिच्याजवळ कुणी नव्हतं."

मग ती रडली. पदराने नाही, रुमालाने नाही, तळहातांनी तोंड पुसत राहिली. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला, पण इतक्या उशिरा की तोवर ती उठली होती.

संध्याकाळी लेक जागी झाली, तिला जरा बरं वाटल्यावर मी सांगितलं, "एक केंद्र आहे. ते म्हणतात, फोन तुझा तूच करायला हवा."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मागच्या महिन्यात."

तिने डोळे मिटले.

१८ मार्च

तिला घरी आणलं. आज ती बाल्कनीत फोन घेऊन बसली. केंद्रात जागा व्हायला उन्हाळा उलटेल म्हणाले, पण त्यांनी हेच काम करणाऱ्या काही जणांचे नंबर दिले. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. चहा उकळून उकळून कडू झाला, पण मी काही तिथून हललो नाही.

"तुम्ही हा आजार आधी हाताळलाय का?" ती विचारत होती. "पहिल्याच दिवशी वजन करणार का?... माझे वडील डॉक्टर आहेत. मी बोलेन ते त्यांना कळवणार का?"

हा शेवटचा प्रश्न तिने प्रत्येकाला विचारला.

पहिल्या दोघांना तिने नम्रपणे नकार दिला. एकाने तर म्हणे, वडिलांनाच फोनवर द्या असं सांगितलं. तिसऱ्या फोनवर मात्र ती बराच वेळ बोलली, मध्येच हसलीही.

"यांच्याकडे जाऊन बघते," ती आत येऊन म्हणाली.

"कशावरून ठरवलंस?"

"मी म्हटलं, मला बरं कराल का. तर म्हणाल्या, आत्ताच कसं सांगू? दोनतीनदा भेटू, तोवर तुम्हीही मला पारखून घ्या. नाही पटले तर दुसरं कुणी शोधायला मीच मदत करेन."

डिग्री कुठली, अनुभव किती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिने ते आधीच विचारलेलं होतं. माझ्यापेक्षा नीट.

२५ मार्च

थेरपिस्ट बाईंची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. अरुंद जिना, पाटी नाही. मी खाली गाडीत थांबलो. दुकानदार एका चाकाच्या तारा एकेक वाजवून बघत होता.

लेक खाली आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?"

"बाबा."

"बरं, बरं. नाही विचारत."

१५ एप्रिल

आज आम्हा तिघांना बोलावलं होतं. बाई पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, कोपराला रफू केलेला स्वेटर. माझ्या फिजिशियन मित्राशी त्या दर आठवड्याला बोलतात, लेकीची परवानगी घेऊन. खोलीत चार साध्या खुर्च्या आणि एक खिडकी. मला डॉक्टर म्हणून वेगळं काही मिळालं नाही.

घरी जेवताना काय घडतं, हे त्यांनी एकेकाला विचारलं. मी म्हटलं, मी लक्ष ठेवतो.

"तिच्या तोंडात शेवटचं कधी बघितलंत?"

"रविवारी. दर रविवारी बघतो."

"तिने बघायला सांगितलं म्हणून?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

लेक म्हणाली, "रविवारी मला वाटतं मी घोडा आहे. विकत घेण्याआधी दात बघतात ना, तो." आवाज चढवून नाही. माहिती दिल्यासारखी.

"अगं, मी काळजीपोटीच..."

"काळजीपोटीच, यात शंका नाही," बाई म्हणाल्या. "पण तेवढा वेळ तुम्ही तिचे डॉक्टर असता. त्या वेळी तिला बाप हवा असला तर तिने कुणाकडे जायचं?"

बाईंनी घाई केली नाही. इतकी शांतता मी माझ्या दवाखान्यात कधी राहू दिलेली नाही, मी लगेच यंत्र तरी सुरू करतो.

निघताना त्यांनी सांगितलं की याला वेळ लागेल, मध्ये मध्ये मागेही जायला होईल, तेव्हा धीर सोडू नका. बॅटरी आणि आरसा मी परत दवाखान्यात नेऊन ठेवले.

३ मे

आज पुन्हा झालं. ही बहिणीकडे गेली होती, आणि जेवणानंतर मला एक फोन आला तेवढ्यात. न्हाणीघराचा नळ मोठ्याने सुरू होता.

पूर्वी मी दार बडवलं असतं. दाराबाहेर जमिनीवर बसून राहिलो. हे तिचं दुखणं, आणि मी दाराच्या या बाजूला, हातात एकही हत्यार नाही.

ती बाहेर आली. मला खाली बसलेलं पाहून थबकली. "झालं पुन्हा."

"हं."

"ओरडणार नाही?"

"नाही. पत्ते खेळायचे का?"

"तुम्हाला येतात?"

"नाही."

तिने शिकवलं. मी सगळे डाव हरलो. एकदाही मुद्दाम नाही.

२२ मे

लेकीचे दात थंड पाण्याने ठणकतात. आता आवरण चढवायला हवं. मी वाट बघत होतो, ती कधी म्हणेल. आज सकाळी म्हणाली, "दात करून घेते. पण तुमच्याकडे नाही, बाबा."

"मग कुणाकडे?"

तिने नाव घेतलं आणि माझा घास तोंडातच राहिला. ही बाई कित्येक वर्षं माझ्या हाताखाली होती. मी तिला धाकटी डॉक्टर म्हणायचो. मग तिने दोन गल्ल्या सोडून स्वतःचा दवाखाना थाटला आणि माझे निम्मे पेशंट तिकडे गेले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. समोरून आली तर मी रस्ता ओलांडतो.

"तिच्याकडेच का?"

"तिचा हात हलका आहे. तुम्हीच म्हणायचात."

म्हणायचो खरा. तिच्यासारखा हलका हात मी दुसरा पाहिला नाही. माझासुद्धा नाही.

दुपारी फोन केला.

"सर?" तिचा आवाज दबलेला. काही चुकलंय असंच वाटलं असणार तिला.

"माझी लेक तुझ्याकडे येईल. काय झालंय ते तीच सांगेल. मी काही सांगत नाही."

मग म्हणाली, "सर, तुम्ही याल ना बरोबर?"

"येईन. बाहेर बसेन."

५ जून

बाहेर बसलो. पेशंटांच्या नातेवाइकांच्या रांगेत, एका खोकणाऱ्या आजोबांच्या शेजारी. ते मला म्हणाले, "इथल्या बाई फार चांगल्या आहेत बरं का, घाबरू नका." मी म्हटलं, ऐकलंय तसं.

भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येत होता. आवाजावरून मला कळत होतं, आता घासतायत, आता वाळवतायत, आता साहित्य लावलं. एकदा आवाज मध्येच तुटला आणि मी अर्धा उठलो. आजोबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. धाकटी डॉक्टर बाहेर आली, मास्क गळ्यात. "सर," म्हणून तिने सुरुवात केली, मग मागे वळून लेकीला विचारलं, "सांगू का यांना?"

"मी सांगेन, मला वाटलं तर," लेक म्हणाली. भूल दिलेल्या ओठांमुळे शब्द बोबडे येत होते.

धाकटी डॉक्टर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तुझा हात अजून तसाच हलका आहे. बाहेरून ऐकू येतो." तिचे डोळे भरले. मी नुसती मान हलवली.

रस्त्यावर आलो. लेक म्हणाली, "भूक लागलीये."

आठवत नाही, हा शब्द तिच्या तोंडून मी शेवटचा कधी ऐकला. भूल उतरेपर्यंत खायचं नसतं, ओठ चावला जातो, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय. आज सांगितलं नाही. तिला आत सांगितलेलं असणारच. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. ती मधून मधून वरचा ओठ चिमटीत धरून बघायची. तिच्या कॉलेजातल्या एका शिक्षकाची नक्कल तिने करून दाखवली, बोबड्या तोंडाने ती आणखीच जमली.

"आला ओठ," शेवटी ती म्हणाली.

कोपऱ्यावर एक छोटं खाण्याचं ठिकाण होतं. खिडकीजवळ बसलो. तिने यादी वाचली, तिला काय हवं ते सरळ मालकीणबाईंना सांगितलं. मी बाहेर रस्त्याकडे बघत होतो. मग यादी माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, "तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. दाताला चिकटणारं कुठलं, किडवणारं कुठलं, ते मला धडाधड सांगता आलं असतं. मला काय आवडतं ते मात्र काही केल्या आठवेना. मालकीणबाई पेन घेऊन उभ्या होत्या. मला घाम फुटला.

लेकीने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला.

"सावकाश सांगा, बाबा," ती म्हणाली. "आपल्याला घाई नाहीये."